शिळं पाणी

कॉम्प्युटरमधून खसचा वास येत होता.

मला आधी वाटलं, खिडकीतल्या कूलरचाच असेल. दर्यापुरात मे महिन्यात कुठल्याही घरात शिरा, कूलरच्या टाकीत खसच्या सेंटचे चार थेंब पडलेलेच असतात. पण सकाळचे नऊ वाजले होते आणि कूलर अजून लावलाच नव्हता. मी टेबलाखाली वाकले, कॉम्प्युटरच्या जाळीला नाक लावलं. खसच! डोकं वर काढते तोवर स्क्रीन काळी झाली. पुन्हा सुरू केला, तर प्रोसेसरच्या तापमानाचा आकडा भराभर नव्वदीच्या पुढे गेला आणि चौथ्या मिनिटाला यंत्रानं परत मान टाकली.

"आई!" मी ओरडले. "आई, लवकर या!"

सासूबाई पिठाचे हात तसेच घेऊन आल्या. "काय झालं वं? किंचाळून काऊन राह्यली?"

"याला कोणी हात लावला होता का?"

"म्या लावला," त्या म्हणाल्या, आणि चेहऱ्यावर अशी ऐट की बघत राहावं. "परवा पाणी बदललं त्याचं. तुले कामातून सवड नाही, म्हटलं आपणच करून टाकतो. महिना झाला होता भरून. किती दिवस ठेवतं माणूस शिळं पाणी?"

मी खुर्चीत बसले. म्हणजे, खुर्ची होती म्हणून. नाहीतर खालीच बसले असते.

"कसं बदललंत?"

"तू भरताना पाह्यलं होतं ना. खालची तोटी सोडली, वरचं झाकण काढलं, बुडबुडे थांबेस्तोवर भरलं. लय सोपं हाये. आपल्या कूलरपेक्षा सोपं."

"आणि कुठलं पाणी घातलंत?"

"बोअरचं. अन् चार थेंब खस."

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. तेव्हा मी लग्न होऊन दर्यापुरात आले त्याला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. माझं माहेर नाशिकचं. पाणी म्हटलं की नळ सोडायचा आणि प्यायचं, एवढंच मला माहीत. दर्यापूर खारपाणपट्ट्यात. तिथल्या बोअरचं पाणी तांब्याभर उकळलं तरी भांड्याच्या बुडाला पांढरी पुटं चढतात. आंघोळ केली की केसांचा झाडू होतो. आणि हेच पाणी सासूबाईंनी माझ्या लाडक्या यंत्राच्या पोटात ओतलं होतं.

त्यांचं तरी काय चुकलं म्हणा! वऱ्हाडात कूलर हा घरातलाच एक माणूस असतो. जो बाजूनं जाईल त्यानं टाकीत डोकावायचं, पाणी कमी असेल तर बादली रिकामी करायची, आणि तिसऱ्या दिवशी शिळं पाणी काढून टाकायचं, नाहीतर डास होतात. मीच घरभर सांगत फिरले होते, "हा पाण्यावर थंड होणारा कॉम्प्युटर आहे." त्यांनी तो शब्दशः घरात घेतला.

हा कॉम्प्युटर घरात यावा म्हणून मी काय काय केलं होतं! आमचा फोटो स्टुडिओ. सासरे पुंडलिकराव काळमेघ, म्हणजे मामाजी, तालुक्यातले नावाजलेले फोटोग्राफर. नवरा नितेश व्हिडिओ घ्यायचा. पण लग्नाची फिल्म कापून-जोडून तयार करायचं काम वीस वर्षं अमरावतीला एका माणसाकडे जात होतं. मी ते काम शिकून आलेली. पुण्यात दोन वर्षं केलेलं. तरी घरात माझं काम काय, तर आलेल्या गिऱ्हाइकाला पाणी द्यायचं आणि अल्बमची पानं उलटून दाखवायची. दर वेळी मामाजींचं एकच म्हणणं, "आपल्याकडचा कॉम्प्युटर नवतप्यात दुपारी टिकत नाही सूनबाई. सीझन तर तेव्हाच. काम अडलं तर नाव कोणाचं जाईल?"

नवतपा म्हणजे मेअखेरचे नऊ दिवस. तेव्हा रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही.

म्हणून मी हा जुळवून घेतला. तीन दिवस नुसतं त्यात कुठलं पाणी घालायचं याचाच अभ्यास केला. नितेशला निळं हवं होतं, चमकणारं, गिऱ्हाईक बघून खूश व्हावं असं. मी म्हटलं, रंग महिन्या दोन महिन्यांनी तळाशी बसतो आणि नळ्या तुंबतात, आपल्याला मिरवायचंय की काम करायचंय? गाडीच्या रेडिएटरचं हिरवं पाणी घालूया म्हणाला, तर ते आहे गाडीच्या इंजिनासाठी, आणि याच्या पंपाला ते झेपत नाही. शेवटी साधं डिस्टिल्ड पाणी आणि त्यात शेवाळ-गंज न धरू देणाऱ्या औषधाची दोन झाकणं, एवढंच ठरलं. आतला सगळा धातू तांब्याचा आहे याची खात्री करून घेतली. अकोल्याहून पाणी आणलं आणि स्वतःच्या हातानं भरलं.

मामाजी बघत उभे होते. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. लढ्ढा शेठच्या मुलीच्या रिसेप्शनला लग्नाची फिल्म पडद्यावर दाखवायची आहे. ती तू कर. वेळेवर झाली तर यापुढे अमरावतीला काही जाणार नाही, टेबल तुझं. नाही झाली, तर हा विषय परत काढायचा नाही."

ते रिसेप्शन आज रात्री आठला होतं. मामाजी आणि नितेश पहाटेच गाडी घेऊन लढ्ढांकडे गेले होते. सहा वाजता मामाजी पेनड्राइव्ह न्यायला येणार होते. जोडकाम सगळं झालं होतं, फक्त कॉम्प्युटरनं ती एकसंध फिल्म करून बाहेर काढायची बाकी होती. त्याला साडेतीन तास.

मी सासूबाईंना सगळं सांगितलं. क्षार म्हणजे काय, आतल्या तांब्याच्या ठोकळ्यात केसाएवढ्या फटी कशा असतात, त्या कशा बुजल्या असतील. त्या ऐकत गेल्या आणि चेहरा उतरत गेला.

"म्हंजे म्याच घात केला," त्या म्हणाल्या. "लोक म्हणतीन सासूनं मुद्दाम केलं."

खरं सांगायचं तर एक क्षणभर मलाही तसं वाटलं होतं. लाज वाटली मला त्याची. "आई, कोणी काही म्हणणार नाही. आधी आपण हे धुऊन काढू."

ठोकळा उघडला. आत पांढरा थर, आणि त्यावर सेंटचं चिकट हिरवट तेल. मी कपाळाला हात लावला. सासूबाई म्हणाल्या, "हे तर तांबं हाये ना? मंग भेतं कायले?" आणि चिंचेचा गोळा भिजवून जुन्या दातांच्या ब्रशनं त्यांनी तो ठोकळा असा घासला की नवाकोरा दिसायला लागला.

आता पाणी. औषधाची बाटली अर्धी शिल्लक होती, डिस्टिल्ड पाण्याचा मात्र थेंब नव्हता. डोक्याला ओढणी गुंडाळून मी बाजारात पळाले. मेडिकलमध्ये इंजेक्शनच्या पाण्याच्या पाच-पाच मिलीच्या अकरा कुप्या मिळाल्या. दुकानदारानं विचारलं, "घरी कोण आजारी आहे वहिनी?" मी म्हटलं, "कॉम्प्युटर." एका बॅटरीच्या दुकानात मात्र पाच लिटरचा डबा मिळाला. बॅटरीत घालायचं पाणी, डिस्टिल्ड, शंभर टक्के. मी अगदी नाचत घरी आले.

सासूबाईंनी डब्याचं झाकण उघडलं. तवा तापवला आणि त्यावर त्यातलं चमचाभर पाणी टाकलं. चर्रर्र झालं. पाणी उडालं आणि तव्यावर पांढरं कडं राहिलं.

"बोअरचं हाये," त्या म्हणाल्या. "मेला, पाणी सुद्धा खरं विकत नाही."

मी कुपीतलं एक चमचा टाकून पाहिलं. तवा कोरा.

साडेदहा वाजले होते. अमरावतीला बसनं जाऊन यायचं तर तीन वाजणार, फिल्म काही व्हायची नाही. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि मला रडूच फुटलं. अगदी हुंदके देऊन, लहान पोरासारखं. दीड वर्षं वाट पाहिलेलं टेबल डोळ्यांदेखत चाललं होतं.

सासूबाई बराच वेळ चुलीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "किती पायजे?"

"धुवायला धरून दीड लिटर."

"किती वाजेपर्यंत?"

"दोन."

"पुढचं दार लाव," त्या म्हणाल्या. "कडी घाल. कोणी आलं तर घरी नाही म्हणून सांग."

मला काही कळेना, पण मी कडी घातली. परत आले तर त्यांनी पदर खोचला होता. मोठा गंज, म्हणजे आपलं मोठं पातेलं, परसातल्या चुलीवर चढवला. त्यात मडक्याचं पाणी ओतलं. मध्ये अडणी ठेवली, अडणीवर स्वच्छ घासलेलं स्टीलचं वाडगं. गंजाच्या तोंडावर गोल बुडाची कढई बसवली, आणि सकाळच्या कणकेची वळी करून कढई आणि गंज यांच्या मधली फट सगळीकडून लिंपून टाकली. कढईत थंड पाणी भरलं. दुसरा असाच थाट गॅसवर मांडला. सगळ्याला मिळून दहा मिनिटं लागली नाहीत. हात कुठंही अडखळला नाही.

"वाफ वर जाते," त्या म्हणाल्या, "थंड कढईले लागते, अन् पाणी होऊन वाडग्यात पडते. खार खालीच राह्यते. वरचं पाणी कोमट झालं की बदलत जाय. जाळ मोठा करायचा नाही. जाळ मोठा झाला की सगळं नासते."

"आई, हे कुठं शिकलात तुम्ही?"

"घरी."

"कशासाठी करायचे घरी?"

"असंच. दवाखान्यासाठी."

बाहेर सेहेचाळीस डिग्री, आणि आम्ही दोघी जाळापुढे. मी कढईतलं पाणी बदलायचे, त्या लाकूड आत-बाहेर सारायच्या. घामानं दोघींचे ब्लाउज पाठीला चिकटले होते. अर्ध्या तासानं त्यांनी कणीक सोडवली, कढई उचलली. वाडग्यात पाव लिटरभर पाणी जमलं होतं, इतकं नितळ की वाडगं रिकामंच वाटत होतं.

"हे पह्यल्या धारेचं बाजूले काढ," त्या सवयीनं म्हणाल्या. "ते—"

आणि त्यांनी जीभ चावली.

मी नाशिकची असले तरी एवढी काही भोळी नाही. पहिल्या धारेचं काय असतं ते मलाही ऐकून माहीत होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

"आई?"

"काही नाही."

"आई, मी कोणाला सांगणार नाही."

त्यांनी चुलीतलं एक लाकूड उगाच हलवलं. "माह्या बापाची भट्टी होती," त्या हळूच म्हणाल्या. "मोहाची. डोंगराखाली आमचं गाव, नाल्याच्या काठी. मी सात वर्षांची असल्यापासून कढईवरचं पाणी बदलतो." सासूबाई स्वतःबद्दल 'मी करतो, मी जातो' असंच बोलत, त्या भागातल्या जुन्या बायका बोलतात तसं. "लग्न ठरलं तवा बापानं भट्टी मोडली अन् सांगतलं, आपण कास्तकार आहो, शेती करतो, एवढंच बोलायचं. तीस वर्सं झाली. ह्यांना काही माईत नाही."

आता हे कळायला हवं की मामाजी तालुक्याच्या दारूबंदी समितीचे चिटणीस होते. दर गांधी जयंतीला त्यांचं भाषण व्हायचं. "आमच्या काळमेघांच्या सात पिढ्यांत कोणी दारूला शिवलेलं नाही," हे वाक्य त्यात असायचंच, आणि ते म्हणताना ते पहिल्या रांगेत बसलेल्या सासूबाईंकडे बघायचे. त्या मान खाली घालून पदर नीट करायच्या. मला वाटायचं, लाजतात.

"तुले वाटत असन, कशी बाई आहे," त्या म्हणाल्या.

"मला वाटतंय, तुम्ही माझं टेबल वाचवताय," मी म्हटलं, आणि जाळापुढेच त्यांना मिठी मारली. त्या म्हणाल्या, "सोड, पाणी कोमट झालं, बदल पह्यले."

पावणेदोनला दीड लिटर झालं. तव्यावर तपासलं. तवा कोरा. आधी नळ्या धुतल्या, मग पाण्यात औषधाची दोन झाकणं घालून भरलं, सांध्यांना कागद लावून पाणी झिरपत नाही ना ते पाहिलं, आणि सव्वादोनला बटण दाबलं. आकडा चढला. पन्नास. अठ्ठावन्न. चौसष्ट. चौसष्टवर थांबला, तो थांबलाच. मी उड्या मारत होते आणि सासूबाई स्क्रीनला हात जोडत होत्या.

फिल्म सुरू झाली. आम्ही दोघी तिथेच फरशीवर आडव्या झालो आणि गाढ झोपलो.

जाग आली ती कडी वाजल्यानं. साडेपाच. मामाजी अर्धा तास आधीच आले होते. स्क्रीनवर शेवटचं थोडंसं राहिलं होतं. मी दार उघडलं. ते म्हणाले, "झालं का सूनबाई?"

"दहा मिनिटं, मामाजी."

"वा!" ते खूश झाले आणि हात-पाय धुवायला परसात गेले.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. परसात चूल तशीच होती. गंज, अडणी, कढई, कडेला वाळलेल्या कणकेचा वेढा. आवरायचं राहूनच गेलं होतं.

मागे गेलो तेव्हा मामाजी चुलीपुढे उभे होते. पाय धुतले नव्हते. बोटानं कणकेची वळी चाचपून बघत होते.

"हे कोणी मांडलं?"

"मी," मी पटकन म्हटलं. "मोबाईलवर बघून. कॉम्प्युटरला डिस्टिल्ड पाणी लागत होतं आणि—"

"तिनं नाही," सासूबाई म्हणाल्या. आणि त्या थांबल्या नाहीत. "पोरीवर कायले येऊ देऊ? म्या मांडलं. अन् हेबी ऐका. माह्या बापाची भट्टी होती दारूची. तिथीच शिकली मी हे. तीस वर्सं तुमच्यापासून लपवलं. तुमी भाषणात सात पिढ्या म्हणता, तवा दर वेळी वाटते जमिनीत गडप व्हावं. आज सांगून टाकलं. काय करायचं ते करा, पण हिचं टेबल हिले द्या. फिल्म झाली हाये."

मामाजींनी कणकेवरचं बोट काढलं. मग त्यांनी चुलीजवळचा पाट ओढला आणि त्यावर बसले. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"नाल्याच्या वरच्या अंगाला होती भट्टी," ते म्हणाले. "मोठ्या जांभळाखाली."

सासूबाई बघतच राहिल्या. "तुमाले काय माईत?"

मामाजींनी माझ्याकडे एकदा बघितलं. मी जावं, असं त्यांना वाटत असावं. मी कसली जाते!

"कॉलेजात होतो," ते म्हणाले. "आम्ही चार मित्र सायकलींवर यायचो. शनिवारी. म्हणजे... फार नाही. वर्षभर."

"तुमी? माह्या बापाच्या भट्टीवर?"

"तू कढईवरचं पाणी बदलत होतीस. हिरवं पोलकं होतं. मी घरी जाऊन आईला म्हटलं, करीन तर त्या गावची पोरगी करीन. तिनं विचारलं, कुठं पाहिली? मी सांगितलं, जत्रेत. मग मला सगळं माहीत आहे असं तुला सांगायचं, तर कसं माहीत हेही सांगावं लागलं असतं. आणि तोवर मी समितीत गेलो होतो."

मी तोंडात पदर कोंबला. सासूबाईंना मात्र हसू आलं नाही. आधी डोळे भरले, आणि मग त्या अशा कडाडल्या की शेजारच्यांचं कुत्रं भुंकायला लागलं.

"तीस वर्सं! तीस वर्सं मी भेऊन जगली! माहेरचा माणूस आला की दारातूनच वाटे लावत होती, तोंडातून काही निघन म्हणून. अन् तुमी गिऱ्हाईक होते? माह्या बापाचे गिऱ्हाईक?"

"चुकलं माझं, गोकर्णा," मामाजी म्हणाले. लग्नानंतर दीड वर्षात मी त्यांच्या तोंडून सासूबाईंचं नाव पहिल्यांदाच ऐकलं. "फार चुकलं."

आतून कॉम्प्युटरनं काम झाल्याची घंटी दिली. मी पळत जाऊन फिल्म पेनड्राइव्हवर घेतली आणि आणून मामाजींच्या हातात ठेवली. त्यांनी ती खिशात घातली, उठले, आणि सासूबाईंकडे बघायची हिंमत नसल्यामुळे मला म्हणाले, "उद्यापासून टेबल तुझं. अमरावतीला मी फोन करतो." मग गाडी काढून असे निघाले की पाय धुवायचे राहिलेच.

सासूबाई किती तरी वेळ चुलीपुढे बसून होत्या. मी चहा केला. त्यांनी कपातला चहा बशीत ओतला आणि तसाच धरून ठेवला.

"आई, रागावलात का अजून?"

"रागावली तर हाये. चार दिवस बोलत नाही मी ह्यांच्याशी." त्यांनी एक घोट घेतला. "पण मृणाल..."

"काय?"

"जाळापुढं बसलेली पोट्टी. घामाघूम. धुरानं तोंड काळं. तरी घरी जाऊन हेच म्हणे, करीन तर हीच करीन." बशी त्यांनी खाली ठेवली. "एवढं तीस वर्सं आधी सांगतलं असतं, तर काय बिघडलं असतं रे बाप्पा!"

आणि आता हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसतायत. मीही हसले. मग त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला.

"दे तो फोन इकडे."

"चार दिवस बोलणार नव्हतात ना?"

"बोलत नाहीच," त्या म्हणाल्या. "फक्त विचारतो, अजून काय काय आठवते म्हणून."